गाण्यातली बायको

कौस सुटला की मला माणसांचा संशय यायला लागतो. हलीमा म्हणते, तो तुम्हाला बाराही महिने येतो, कौसाचं नुसतं निमित्त. बायकोच्या बोलण्यात तथ्य असतंच, पण वाऱ्याचाही काही दोष असतो हे तिला पटत नाही.

काल सकाळी कुवैतला, सालमियातल्या मुलाच्या घरी पडदा सारला, तर काच बाहेरून घामेजलेली. आत यंत्राची थंडी आणि बाहेर तो ओला, चिकट, खारट वारा. मुलगा ऑफिसला निघता निघता म्हणाला, आज ह्युमिडिटी फार आहे, खाली उतरू नका. नातीनं तेच पुन्हा इंग्रजीत सांगितलं, कारण मराठीत सांगितलेलं मला नीट ऐकू येत नाही अशी तिची समजूत आहे. मी मान डोलावली आणि दोघं गेल्यावर खाली उतरलो. चष्म्यावर धुकं साचलं, सदरा पाठीला चिकटला, आणि एका क्षणात मी तरुण झालो. तरुण म्हणजे पुन्हा तसाच चिडका, तसाच डोळे बारीक करून बघणारा.

कौस हा शब्द अरबी खलाशांचा. वायव्येकडून येतो तो शमाल. तो कोरडा, धुळीचा, सरळ तोंडावर मारणारा. त्याचं काही लपून नसतं. कौस येतो आग्नेयेकडून, म्हणजे आमच्या कोकणाच्या अंगानं. आमच्या खोलीतले जुने लोक म्हणायचे, घरचा वारा आहे बाबांनो, सोसा. मला ते कधी पटलं नाही. घरचा वारा असता तर घरची काही खबर आणली असती. हा नुसता मिठाला पाणी आणायचा. काडी घासली की गुल गळून पडायचा, ट्रंकेचं कुलूप किल्लीला दाद द्यायचं नाही, गच्चीवर वाळत घातलेला लेंगा संध्याकाळी सकाळपेक्षा जास्त ओला असायचा. अशा हवेत आपल्याला कुणीतरी फसवतंय असंच वाटत राहतं.

त्यात माझं कामच संशयाचं. पन्नास साल उलटून साठ जवळ आलं होतं, तेव्हा मी इथंच, शुवैख बंदरात, एका व्यापाऱ्याच्या वखारीत स्टोअरकीपर होतो. पेट्या यायच्या, पेट्या जायच्या. पेटीवर लिहिलेलं एक आणि आत निघायचं दुसरं, हे इतक्या वेळा पाहिलं होतं की मी लिहिलेलं वाचायचंच सोडून दिलं होतं. मी खिळे बघायचो. एकदा उपटून पुन्हा ठोकलेला खिळा लाकडात वेगळा बसतो. त्याच्या डोक्याभोवती लाकूड जरा फुललेलं असतं. वखारीत ही नजर उपयोगी पडायची, म्हणून शेठ खूश असायचा. पण नजर काही वखारीच्या दाराशी चपलांसारखी काढून ठेवता येत नाही. ती घेऊनच मी खोलीवर यायचो, जेवायचो, झोपायचो. समोर बसलेल्या माणसाचे खिळे शोधायचो.

अशाच एका कौसात आईचा निरोप आला. निरोप आणला कासमभाईनं. मुंबईहून बसऱ्याला जाणाऱ्या मेल बोटीवर तो बटलर होता, आमच्याच गावचा. सगळ्या किनाऱ्याचे निरोप तो डोक्यात घेऊन फिरायचा आणि ज्याचा निरोप त्याच्याच आवाजात सांगायचा. बोट लागली की तो खोलीवर येणार, चहा पिणार, आणि मिशा पुसून एकदम कुणाची तरी म्हातारी होणार. त्या दिवशी तो माझी आई झाला. कंबरेवर हात ठेवून, खोकून म्हणाला, "महमूद, सकीनाला सांगून आलंय. खाडीपलीकडचा इस्माईल. तिथंच कुवैतला असतो, अमेरिकनांकडं. बापाच्या मागं तूच वली. नीट बघ. मग बोल."

सकीना माझी धाकटी बहीण. बाप गेला तेव्हा ती अंगणात ठिकऱ्या खेळत होती. तिचा निकाह लावून द्यायचा म्हणजे माझ्या तोंडच्या एका होकारावर तिचं सगळं आयुष्य. ते वाक्य ऐकलं आणि माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

आमच्यात चौकशी कधी कागदावर करत नाहीत. कागद कुणाच्याही हातात पडतो, आणि उद्या लग्न झालंच तर तो नव्या सोयऱ्याच्या घरात निघायचा. चौकशी तोंडीच व्हायची. तिचे नियम होते. मुलाच्या दोस्ताला विचारायचं नाही, तो चांगलंच सांगणार. त्याच्या गावच्या माणसाला विचारायचं नाही, तो एक तर नातलग असणार नाही तर वैरी. विचारायचं त्याच्या शेजारच्या खाटेवर झोपणाऱ्याला, त्याच्या न्हाव्याला, आणि तो जिथं जेवतो तिथल्या वाढप्याला. आणि मुलाला मुळीच कळू द्यायचं नाही. अर्थात मुलाला पहिल्या दिवशीच कळायचं. परमुलखात एखाद्या अनोळखी माणसानं विनाकारण दोनदा चहा पाजला की समजायचं, ह्याच्या घरी बहीण आहे.

त्यात तो खाडीपलीकडचा. बाहेरच्याला आमचे दोन्ही काठ सारखेच दिसतील. तोच माड, तीच मशीद, तीच सुकत घातलेली मासळी. पण आम्हाला ठाऊक होतं की पलीकडचे लोक गोडबोले, आणि त्यांना ठाऊक होतं की आम्ही खडूस. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

इस्माईल शुक्रवारी दुपारी आमच्या जमातीच्या जेवणाला यायचा. तोवर मी त्याच्याकडे कधी लक्षही दिलं नव्हतं. त्या शुक्रवारी दिलं, आणि थेट पायांपासून सुरुवात केली. पायात टाचेचे, पुढून निमुळते बूट. केसांना पाणी लावून मागं वळवलेला कोंबडा. खांद्यावर भरतकाम केलेला सदरा, जसा आमच्या किनाऱ्यावर कुणी मेल्यावरही घातला नसता. माणूस दिसायला उमदा होता, पण नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा हे मी पुष्कळ पाहिलं होतं. शिवाय त्याच्या विजारीच्या मागच्या खिशात रुमालात गुंडाळलेलं काहीतरी चपटं होतं. बसताना तो ते आधी हातानं चाचपायचा, मग बेतानं एका कुल्ल्यावर बसायचा. आता मागच्या खिशात चपटं, लपवलेलं आणि फुटेल म्हणून जपायचं असं काय असतं, हे कुणाला सांगायला नको.

मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. जवळ सरकून वास घेतला. लवंग. नुसती लवंग नाही, तोंडभर लवंग. मी पुन्हा वास घेतला. त्यानं विचारलं, "भाई, सर्दी झाली काय तुमाला?" मी हो म्हटलं. त्यानं खिशातून एक लवंग काढून मला दिली.

त्याच्या शेजारच्या खाटेवरचा माणूस गाठला. तो म्हणाला, पोरगा साधा आहे, नमाजी आहे, पण गुरुवारी संध्याकाळी त्याचं काही सांगता येत नाही. गुरुवारी तो कामावरून येतो, अर्धा तास गुळण्या करतो, दात घासतो, पुन्हा गुळण्या करतो, लवंग चावतो आणि बूट घालून निघून जातो. न्यायला अमेरिकनांची गाडी येते. मी न्हाव्याकडे गेलो. न्हावी हसला आणि म्हणाला, त्याला फोटोतल्यासारखे केस लागतात. कुणाच्या फोटोतल्यासारखे, ते त्यालाही माहीत नव्हतं. पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल करण्यात अर्थ नव्हता. तिथं जाऊनच बघायला हवं होतं.

संधी मिळाली. मीना अब्दुल्लाच्या बाजूला अमेरिकनांची वसाहत होती, तिथल्या मेसला आमच्या वखारीतून डब्यांचा माल जायचा. एरवी ड्रायव्हर एकटा जायचा. त्या गुरुवारी मी म्हटलं, माल नीट उतरतो का ते मी स्वतः बघतो. ड्रायव्हरला वाटलं, मी त्याच्यावर संशय घेतोय. तसा मी तोही घेत होतो.

रस्ता समुद्राकाठानं. डाव्या हाताला पाणी, पण क्षितिज दिसत नव्हतं. कौसात पाणी आणि आभाळ एकाच मळक्या चादरीचं होतं. दिवस मावळून मगरीब होता होता आम्ही पोचलो. माल उतरवून घेणाऱ्या वाढप्याला मी इस्माईलचं विचारलं तेव्हा तो म्हणाला, आत जा की, आज तोच आहे. आज तोच आहे म्हणजे काय, ते मला आत गेल्यावर कळलं. जेवणाच्या हॉलमध्ये टेबलं भिंतीला लावलेली, खुर्च्यांवर लालबुंद गोरे, आणि समोर एका लाकडी फळीच्या उंचवट्यावर आमचा खाडीपलीकडचा इस्माईल. शेजारी गिटार घेतलेला एक वेल्डर. इस्माईलनं मागच्या खिशातून रुमाल काढला, उलगडला, आणि त्यातून निघाला तोंडाचा बाजा. माउथऑर्गन.

लवंग आणि गुळण्यांचा उलगडा मग झाला. खाल्ल्या तोंडानं फुंकलं की आतल्या पितळेच्या जिभल्यांना घाण चिकटते, त्यात कौसाची ओल, की सूर बसलाच. म्हणून आधी तोंड साफ. बाजा ओलसर झाला की तो मेसच्या भट्टीजवळ जरा शेकायचा, अगदी बाळाला शेक द्यावा तसा. एक संशय मिटला. पण संशय हा माझ्याकडे येऊन कधी एकटा राहिलेला नाही. बाटली नाही हे ठीक. पण गाणारा नवरा म्हणजे काय सुख?

त्याची कथा मला तुकड्यातुकड्यानं कळत गेली. तो तिथं टेबलं पुसायला लागला होता. एक म्हातारा अमेरिकन मुलूख सोडताना त्याला हा बाजा देऊन गेला. फुंकायला कुणी शिकवलं नाही. टेबलं पुसता पुसता रेडिओवर जे लागायचं ते तो तोंडानं वाजवायचा. त्यांच्याकडे त्याला कंट्री गाणी म्हणतात, म्हणजे गावाकडची. शेत, कुत्रा, पाऊस, रेल्वे, तुरुंग आणि सोडून गेलेली माणसं. गिटारवाला वेल्डर वॉल्टर एकदा आजारी पडलेल्या गायकाच्या जागी त्याला ओढून घेऊन गेला आणि मग त्याला कुणी टेबलं पुसू दिली नाहीत. म्हणजे पुसायचा तोच, पण गुरुवारची संध्याकाळ सोडून. दुसऱ्या वसाहतींतूनही त्याला बोलावणी यायची. त्याचा तो भरतकामाचा सदरा कुणा अमेरिकनाच्या बायकोनं शिवला होता. कुणी म्हणायचं, त्याला अमेरिकेला नेणार आहेत. तसं नेणार असलेल्या माणसांनी आमची सगळी खोली भरलेली असायची, त्यामुळे त्याकडे मी लक्ष दिलं नाही.

पण वाजवायचा मात्र तो. हे मला तेव्हाही कबूल करावं लागलं, अगदी नाइलाजानं. त्या बाजाची एक गंमत आहे. तो श्वास सोडतानाही वाजतो आणि घेतानाही. माणूस दम कधी खातो तेच कळत नाही. एका गाण्याच्या सुरुवातीला त्यानं दुरून येणारा भोंगा काढला. लांबट, दोन पदरी, शेवटी खाली उतरणारा. गोऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. ते ट्रेन, ट्रेन म्हणून ओरडले, कारण त्यांच्या गाण्यात तिथं रेल्वे होती. इस्माईलनं तोवर रेल्वेचा भोंगा कितीसा ऐकला असेल? त्यानं वाजवला तो आमच्या किनाऱ्यावरच्या आगबोटीचा. मुंबईची बोट बंदराबाहेर उभी राहून पडावांना बोलावते, तो. दारात उभा असलेला वाढपी रत्नागिरीकडचा होता. त्याच्या हातातलं तबक एकदम खाली आलं. मीही दाराकडे वळून बघितलं, बोट लागल्यासारखं. मग मी स्वतःला सावरलं आणि शब्द ऐकायला लागलो.

माझं इंग्रजी पेट्यांवरचं, पण कामचलाऊ. गाण्याची भाषा सोपी होती. पहिल्या गाण्यात इस्माईल म्हणाला की मी तुरुंगाच्या खिडकीतून शेत बघतोय. मी कान टवकारले. दुसऱ्यात म्हणाला, आईच्या मातीला मी गेलो नाही, त्या दिवशी मी पिऊन पडलो होतो. मी खुर्चीवरून उठलो. तिसऱ्यात म्हणाला, माझी बायको स्टेशनावर रडत उभी होती, मी गाडीत बसलो आणि मागं वळून बघितलं नाही. हे सगळं तो चारचौघांत, हसऱ्या तोंडानं, बाजाच्या साथीवर सांगत होता. 'एक माणूस' नाही, 'मी'. मी, मी, मी.

आज हे लिहिताना हलीमा मागून वाचते आहे आणि खांद्यावरून हसते आहे. पण तुम्ही माझ्या जागी उभे राहून बघा. आमच्याकडे नबींच्या स्तुतीची नात म्हणतात, कव्वाली म्हणतात. तिथं माणूस अल्लापुढे स्वतःला पापी म्हणतो आणि ते खरंच असतं. न केलेलं पाप कुणी चाल लावून का सांगेल? आग असल्याशिवाय धूर निघत नाही. मला तर धुरात उभं राहून त्यानं आगीचा पत्ताही सांगितला होता.

गाणं संपल्यावर मी त्याला मेसच्या मागं गाठलं. घामानं त्याचा कोंबडा बसला होता. चौकशीचे सगळे नियम मी धाब्यावर बसवले आणि सरळ विचारलं, "पहिली बायको कुठाय तुझी?"

त्यानं आधी मागं वळून बघितलं, मी दुसऱ्याच कुणाशी बोलतोय की काय. मग त्याच्या लक्षात आलं. हसला नाही, हे मात्र खरं. म्हणाला, "भाई, ती गाण्यातली बायको. माझी कुणी नाय."

"आणि तुरुंग?"

"तोही गाण्यातला."

मग 'मी' का म्हणतोस, असं मी विचारलं. त्यावर त्यानं जे सांगितलं ते मला तेव्हा पक्क्या लबाडाचं वाटलं. म्हणाला, तो गेला, तो रडला असं गायलं तर ऐकणारा उठून सिगारेट पेटवायला बाहेर जातो. मी गेलो म्हटलं की बसून राहतो. मी म्हटलं, म्हणजे लोक बसावेत म्हणून तू खोटं बोलतोस. तो जरा विचार करून म्हणाला, "खोटं नाय. कुणाचं तरी खरं असतं ते. मी फक्त तोंड देतो." आणि बाजा रुमालात गुंडाळून शेकायला भट्टीकडे निघून गेला.

वॉल्टरलाही विचारलं. तो लांबलचक, निळ्या डोळ्यांचा, हळू बोलणारा. त्यानं सांगितलं की इस्माईलला निम्म्या शब्दांचे अर्थसुद्धा कळत नसतील, पण कुठल्या शब्दावर माणसं गप्प होतात ते त्याला बरोबर कळतं. मला हे आणखी वाईट वाटलं. अर्थ न कळता माणसांना गप्प करणारा जावई! आणि वॉल्टर त्याची इतकी बाजू का घेतो, हाही एक प्रश्नच होता. परतताना गाडीत मी ड्रायव्हरशी एक अक्षर बोललो नाही. त्याला वाटलं, मालात काही कमी निघालं.

त्याचं पुढं काय झालं हे इथंच सांगून टाकतो. अमेरिकन हळूहळू कमी झाले. मेसमध्ये टेपवर गाणी वाजायला लागली आणि गुरुवारची ती लाकडी फळी कुणीतरी उचलून नेली. इस्माईल शुऐबाच्या बंदरात क्रेनला हातानं खुणा करायच्या कामावर लागला. तिथं तोंड उघडायचीही गरज नव्हती. आमच्या माणसांच्या मेळाव्यात, ईदच्या दुसऱ्या दिवशी, कुणी आग्रह केला की तो वाजवायचा. शब्द कुणी मागितले नाहीत, आणि त्यानंही म्हटले नाहीत. पुढे तोंडात कवळी आली आणि सूर फटीतून निसटायला लागले. एवढीच त्याची कारकीर्द. तिची ना कुठं तबकडी निघाली, ना तिकीट छापलं गेलं. पण अजूनही कुठं दूर भोंगा वाजला तर माझे कान आधी त्याच्याकडे वळतात आणि मग भोंग्याकडे.

त्या वर्षी मात्र मी त्याच्या मागेच लागलो होतो. तो कुठं जातो, कुणाशी बोलतो, जुम्म्याला कितव्या ओळीत उभा राहतो. काही सापडेना, आणि सापडत नव्हतं म्हणूनच माझी झोप उडाली. वखारीत अशी पेटी आली की मला जास्त भीती वाटायची, जिचे सगळे खिळे जागच्या जागी असतात. गच्चीवर गाद्या दवानं ओल्या व्हायच्या, मी कुशी बदलायचो आणि सकीनाचा चेहरा डोळ्यांपुढे यायचा. वेणी दातात धरून विहिरीवर पाणी शेंदणारी सकीना. तिला मी काय सांगू? चांगला आहे म्हणालो आणि उद्या तो खरंच तिला टाकून गेला तर? वाईट आहे म्हणालो, आणि तो चांगला निघाला, तर ती कुठल्या तरी दुसऱ्या घरात आयुष्य काढणार, तेही माझ्या शब्दावर. कुवैतमधल्या सगळ्या पेट्या मला उघडून बघता येत होत्या. ही एक मात्र येत नव्हती.

शेवटी खलाशी ज्याची वाट बघतात तो सुहेल तारा पहाटे दिसायला लागला. तो दिसला की कौसाचा जोर सरतो, असं इथले म्हातारे म्हणतात. हवा एकदम हलकी झाली, मीठ पुन्हा सुटं झालं. माझी रजा मंजूर झाली आणि मी बोटीत बसलो. जाताना इस्माईल बंदरावर आला होता. माझ्या हातात त्यानं काहीही दिलं नाही, निरोपही दिला नाही. नुसता उभा राहिला. हे शहाणपण होतं की गुर्मी, हे मी मस्कत येईपर्यंत ठरवत होतो.

घरी पोचल्यावर आईनं मला हातपायसुद्धा धुऊ दिले नाहीत. ओटीवर बसवलं, समोर बसली आणि म्हणाली, "बोल." आत माजघराच्या दाराआड सकीना उभी असणार हे मला माहीत होतं. अशा वेळी मुलगी दाराआडच असते. ती तिथं नाही असं सगळ्यांनी धरून चालायचं असतं.

मी सगळं सांगितलं. नमाजी आहे, व्यसन दिसलं नाही, कामाला चोख आहे. बूट सांगितले, सदरा सांगितला, कोंबडा सांगितला. मग गाणी सांगितली. तुरुंग सांगितला तेव्हा आईनं पदर तोंडाला लावला. आईच्या मातीला न गेलेला मुलगा सांगितला तेव्हा ती तोबा तोबा म्हणाली. स्टेशनावर रडणारी बायको सांगितली तेव्हा तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, नको रे बाबा, पोरीच्या नशिबी असला माणूस नको. मी म्हटलं, तो म्हणतो हे सगळं गाण्यातलं आहे. पण कोणी सांगावं? खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे.

तेवढ्यात सकीना दाराआडून बाहेर आली. हे रीतीला धरून नव्हतं. आई तिच्याकडे बघून खेकसली, पण ती तशीच पुढं आली आणि मला विचारलं, "भाई, गातो बरा का?"

मला खोटं बोलता आलं नाही. बरा गातो, म्हणालो. बोटीचा भोंगा काढतो तोंडानं. ऐकवत नाही इतका खरा.

मग ती खाली बसली. आमच्या गावात लग्नात हळदीच्या दिवशी बायका गातात, आणि आवाज उचलायला सकीनालाच पुढं बसवतात. ती म्हणाली, "आमी नवऱ्याला चोर बोलतो, काणा बोलतो, उकिरड्यावरून उचलला बोलतो. सगळा गाव ऐकतो. कितीजण फौजदाराकडं गेले?" आई नको म्हणता म्हणता हसली. मला हसू आलं नाही. मी म्हटलं, ती थट्टा असते. चोर म्हटलं तर कुणाचं काय जातं? पण हा माणूस बायकोला रडत ठेवून निघून जाण्याचं गाणं रंगून गातो. ज्याच्या तोंडी सारखं तेच, त्याच्या मनात नसेल कशावरून? उद्या तुला टाकून गेला तर मी काय तोंड दाखवू?

सकीनानं माझ्याकडे बघितलं. लहानपणी मी तिच्या ठिकऱ्या लपवायचो तेव्हा बघायची तशी, सगळं माहीत असल्यासारखी.

"जाता तर तुमी सगळेच, भाई," ती म्हणाली. "वर्षावर्षानं येता, बॅगा रिकाम्या करता, पुन्हा बोटीत बसता. ह्या गावात कुठल्या घरातली बाई बंदरावर रडली नाय? त्यातला एक जण तरी तोंडानं बोलतो ना, की ती रडत होती?"

मी बोलायला तोंड उघडलं. माजघराच्या उंबऱ्याशी हलीमा सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. माझं लग्न झाल्यापासून ती त्या घरात होती, आणि मी नव्हतो. तिचा हात थांबला होता. ती माझ्याकडे बघत नव्हती, सकीनाकडे बघत होती. मी आईकडे वळलो आणि म्हटलं, "कासमभाईच्या तोंडी होकार पाठव."